चादरीचं दुसरं टोक

"इथं?"

"नाही."

"इथं?"

"अहं."

"आणि इथं?" असं म्हणत डॉक्टरबाईंनी कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर अंगठा दाबला, आणि मास्तरांच्या तोंडून "आई गं!" इतक्या मोठ्यानं निघालं की पडद्यापलीकडे कंबरेला शेक घेत पडलेल्या माणसानं "काय झालं हो?" म्हणून विचारलं.

"काही नाही, पत्ता सापडला," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कटिंग मास्तर. एकेचाळीस वर्षं एकाच दुकानात कोट आणि गणवेश बेतत आलेले. शिवणारे कारागीर आले-गेले, पण कापडाला कात्री लावायची ती मास्तरांनीच. त्यामुळे जगाकडे बघायची त्यांची रीतही वेगळी होती. लोक माणसाचा चेहरा बघतात, मास्तर बाही बघत. बाही कोपराशी चकाकत असेल तर माणूस टेबलावर लिहिणारा. तिथं नीट बसवलेलं ठिगळ असेल तर घरात कोणीतरी काळजी घेणारं. आणि नुसतीच चुरगळलेली असेल तर स्वारी हातावर गाल टेकवून खिडकीबाहेर बघणारी, म्हणजे कामाला नालायक. आताही कोपरातून कळ जात असताना त्यांच्या नजरेनं टिपलं होतं, की डॉक्टरबाईंच्या पांढऱ्या कोटाची डावी बाही पाव इंच पुढं बसली आहे. वय असेल तिशीचं. मास्तरांच्या लेकीहूनही धाकटी. जन्मभर दुसऱ्यांची कोपरं मोजली आणि आता आपलं कोपर या पोरीच्या हातात, याची त्यांना मनातल्या मनात गंमतही वाटली.

"काका, कळ कोपराला येते, पण दोष कोपराचा नाही," ती समजावू लागली. "मनगट मागे वळवणारे जे स्नायू आहेत, त्यांचं मूळ इथं या हाडाला धरून असतं. मनगटानं एकच काम पुन्हा पुन्हा, जोर लावून केलं की हे मूळ दुखायला लागतं. किटली उचलताना दुखतं ना? दाराची मूठ फिरवताना?"

"दुखतं. म्हणजे केलं मनगटानं आणि शिक्षा कोपराला. चोर सोडून संन्याशाला फाशी."

"अगदी बरोबर," ती हसली. "आता तो चोर शोधायचा. दुखणं कधी सुरू झालं?"

"झाले सहा महिने."

"तेव्हा नवीन काय करत होतात?"

"नवीन काय असणार? कात्री."

"एकेचाळीस वर्षं कात्री चालवलीत तेव्हा काही झालं नाही, मग सहा महिन्यांपूर्वीच कसं?"

"लोखंडसुद्धा झिजतं, डॉक्टर."

तिनं लिहून घेतलं. मग घरी कोण कोण असतं ते विचारलं.

"कोणी नाही. मंडळी होत्या. चार महिने झाले."

"आजारी होत्या?"

"उजवी बाजू गेली होती. दोन वर्षं अंथरुणावर."

तिनं तेही लिहून घेतलं. मग तिनं कोपराच्या जरा खाली बांधायचा एक पट्टा दिला आणि व्यायाम करून दाखवला. हात टेबलावर, तळवा खाली, मुठीत अर्धी भरलेली पाण्याची बाटली. मनगट सावकाश खाली सोडायचं, दुसऱ्या हातानं वर आणायचं, पुन्हा सोडायचं. पंधरा वेळा, रोज.

"इंजेक्शन नाही का एखादं?"

"देता येतं. पटकन बरं वाटतं, पण पुष्कळदा दुखणं परत येतं. हे सावकाशीचं काम आहे, काका. तीन महिने धरा. जाईल नक्की."

जाईल नक्की, हे ऐकून माणसाला आनंद व्हायला हवा. मास्तरांना झाला नाही.

आता खरं सांगायचं तर मास्तर खोटं बोलले होते. चोर कोण ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण त्याचं नाव घ्यायला त्यांची जीभ बांधलेली होती.

गोष्ट छत्तीस वर्षांपूर्वी सुरू झाली होती. लग्नाला आठवडा झाला असेल. दोघं गच्चीवर एक जाड चादर पिळायला उभी राहिली. एक टोक याच्या हातात, एक तिच्या. दोघांनी जोर लावला, पण पाण्याचा थेंब गळेना. चादर आपली दोघांच्या मध्ये दोरासारखी गोल गोल फिरत राहिली. बऱ्याच वेळानं उलगडा झाला, की नवरी डावरी आहे. तिचा हात तिच्या सोयीनं फिरायचा, याचा याच्या, आणि समोरासमोर उभं राहिल्यावर दोन्ही पीळ एकाच बाजूला जायचे.

"तुम्ही उलटं पिळा," ती म्हणाली.

"मीच का?"

"मी घर बदललं, आडनाव बदललं. आता हातही बदलू?"

मास्तरांनी त्या दिवसापासून उलटा पीळ घालायला सुरुवात केली. संसार छत्तीस वर्षांचा झाला, पण छत्तीसचा आकडा कधी झाला नाही, त्याचं एक कारण ही चादर असावी. दर रविवारी सकाळी गच्चीवर जायचं, ती टोक घट्ट धरून म्हणायची, "धरलंय. पिळा." मग पिळता पिळता आठवड्याच्या सगळ्या गोष्टी व्हायच्या. लेकीची शाळा, वरच्या मजल्यावरचं भांडण, दुकानातली कटकट. मास्तर गणवेशाच्या दिवसांत रोज उशिरा घरी येऊ लागले की ती चादरीपलीकडून कोपरखळी मारायची, "मऊ लागलं म्हणून तुमचा मालक कोपरानं खणतोय, आणि तुम्ही खणू देताय!" मास्तर हसून आणखी जोरानं पिळायचे. किती तरी रविवार असे गेले. त्या वेळी त्यात जपून ठेवण्यासारखं काही आहे, असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

मग तिची उजवी बाजू गेली. डावरी होती म्हणून डावा हात तेवढा कामाचा राहिला. तीनचार महिन्यांनी अंथरूण ओलं व्हायला लागलं, तेव्हा ती दोन दिवस मास्तरांशी बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "हे कुणाला कळता कामा नये. लेकीलासुद्धा नाही. शपथ घ्या माझी."

"अगं, आजारपण आहे. त्यात लाजायचं काय?"

"तुम्हाला नाही कळायचं. शपथ घ्या."

मास्तरांनी शपथ घेतली आणि पाळली. लेकीनं कपडे धुवायचं मशीन घ्या म्हणून किती सांगितलं, पण मशीन आलं की ते बसवायला माणूस येणार, लेक येणार, चादरी रोज का धुता ते विचारणार. त्यापेक्षा हात बरे. सकाळी दुकानात जायच्या आधी ते टब तिच्या पलंगाशी आणून ठेवायचे. ती डावा हात पुढं करायची. "द्या एक टोक." मनगटाला दोन वेढे देऊन धरायची आणि म्हणायची, "धरलंय. पिळा." एका हातानं पीळ काही घालता येत नव्हता, पण धरायची मात्र अशी की मास्तरांनाच पाय रोवून उभं राहावं लागे. चादर बाहेर नाही, आतल्या खोलीत दोरीवर वाळायची. कधी लेक अचानक आली आणि ओली चादर दिसली, तर मास्तर सांगत, "माझ्या हातून चहा सांडला."

"रोज कसा सांडतो, बाबा?"

"वेंधळाच आहे मी. तुझ्या आईला विचार."

आणि आई पलंगावरून म्हणायची, "पहिल्यापासून वेंधळे."

शेवटच्या दोन महिन्यांत तो डावा हातही सुटला. टोक धरायला गेली की बोटांतून निसटायचं. एकदा निसटल्यावर तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. त्यानंतर मास्तर टब न्हाणीत नेऊ लागले आणि एकट्यानं पिळू लागले. एक टोक पायाखाली दाबून, वरून मनगटांनी पीळ घालत. रोज एक चादर, कधी दोन. तेव्हाच पहिल्यांदा कोपरातून कळ निघाली होती.

आता हे कुणाला सांगायचं? चादरीचं सांगायचं म्हणजे चादर ओली का व्हायची ते सांगायचं. आणि शपथ सोडली तरी दुसरं एक होतंच. आपल्या दुखण्याचा दोष तिच्या नावावर टाकायचा? त्यापेक्षा कात्रीच्या नावावर टाकलेला काय वाईट? कात्री काही ऐकत नाही, तिला वाईटही वाटत नाही.

पण कात्रीवर टाकलेला दोष कात्रीलाच भोवला. मंडळी गेल्यानंतर नवव्या दिवशी मास्तर दुकानात गेले आणि एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापून बसले. दुहेरी कापड असलं की एक डावी, एक उजवी आपोआप निघते. हे चौकड्याचं कापड, चौकडी जुळवायची म्हणून एकेरी पसरलेलं. दुसऱ्या बाहीला कागदाचा बेत उलटून ठेवायचा असतो, तो मास्तरांनी उलटला नाही. ही चूक शिकाऊ माणूस पहिल्या वर्षात करतो आणि जन्मात पुन्हा करत नाही. आणि कापड तेवढंच होतं, गिऱ्हाइकाच्या वडिलांनी ठेवून दिलेलं. बाजारात शोधूनही तसं मिळालं नसतं.

"असं कसं झालं, मास्तर?" धाकट्या मालकांनी विचारलं. थोरले मालक जाऊन पाच वर्षं झाली होती, आता दुकान यांच्याकडे.

"कोपर फार दुखतं हल्ली," मास्तर म्हणाले. तोंडाला येईल ते बोलून गेले.

मालक वाईट माणूस नव्हता, पण हिशेबी होता. तीन महिने कोपर बरं व्हायची वाट पाहून त्यानं एक तारखेची मुदत दिली. बँडपथकाच्या साठ कोटांचं काम एक तारखेला सुरू व्हायचं होतं. त्याच्या आत मास्तरांनी डॉक्टरची चिठ्ठी आणायची. कात्री चालवता येईल असं डॉक्टर म्हणाले तर ठीक. नाहीतर मास्तरांनी घरी आराम करावा, आणि कापायला यंत्र घ्यावं. लेकही फोनवर रोज तेच म्हणे. "बाबा, पुरे झाली ती कात्री. तिनंच तुमचं कोपर खाल्लं. माझ्याकडे राहायला या." कात्री सोडायची म्हणजे सकाळी उठून जायची जागाच सोडायची. उरलं काय असतं मग? आतल्या खोलीतली दोरी.

तीन आठवड्यांनी मास्तर पुन्हा त्या टेबलासमोर बसले. एक तारीख चार दिवसांवर आली होती. डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी कात्री बरोबर आणली होती. बारा इंची, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली.

"फरक काहीच नाही," तपासून ती म्हणाली. "व्यायाम करताय ना?"

"करतो की."

"मागच्या वेळी शिकवला तो करून दाखवा बरं."

मास्तरांनी बाटली घेतली आणि तळवा वर करून हात टेबलावर ठेवला. ती वर झालेल्या तळव्याकडे बघत राहिली. मास्तरांच्या लक्षात आलं आणि शाळेतल्या पोरासारखी त्यांची मान खाली गेली.

"बरं व्हायचं नाहीये का, काका?"

याचं उत्तर मास्तरांनी स्वतःलाही दिलेलं नव्हतं. सकाळी किटली उचलली की कळ यायची, आणि त्या कळीबरोबर टब आठवायचा, पलंग आठवायचा, "धरलंय" आठवायचं. घरातल्या तिच्या वस्तू लेक हळूहळू आवरून घेऊन गेली होती. ही एवढी एक गोष्ट कुणाला नेता आली नव्हती.

"राहू दे," ती म्हणाली. "कात्री काढा. हा कागद कापून दाखवा."

मास्तर उभे राहिले. वर्तमानपत्र पसरलं, कात्रीचं खालचं पातं टेबलावर टेकवलं आणि बाहीचा गोल काढला. कात्री टेबलावरून घसरत गेली, कागद दोन्ही बाजूंना अलगद वेगळा झाला. त्यांना स्वतःलाच थांबावंसं वाटेना, तेव्हा त्यांनी दुसरीही बाही कापली. या वेळी उलटी.

"दुखलं?"

मास्तरांनी कापलेल्या दोन्ही बाह्या एकावर एक ठेवल्या.

"नाही दुखलं," तीच म्हणाली. "कात्रीचं ओझं टेबल उचलतं. मनगट सरळ राहतं. आता हा टॉवेल ओला करून पिळा."

मास्तरांनी बेसिनवर टॉवेल भिजवला आणि पिळायला घेतला. पहिल्याच पिळाला त्यांचा चेहरा आक्रसला.

"थांबा, थांबा. तुम्ही उलटं पिळता."

"सवय आहे."

"उजव्या हाताचा माणूस असं नाही पिळत सहसा. यात सगळा जोर उजव्या मनगटावर येतो, आणि तिथून थेट इथं," तिनं त्यांच्या कोपराला हलकेच बोट लावलं. "एकट्यानं जड काहीतरी पिळत होतात. रोज. चादरी?"

पडद्यापलीकडे आज कोणी नव्हतं. मास्तरांनी टॉवेल बेसिनच्या कडेवर वाळत घातल्यासारखा नीट पसरला, त्याची टोकं जुळवली.

"चहा सांडायचा," शेवटी ते म्हणाले. "माझ्या हातून. अंथरुणावर. वेंधळा आहे मी."

"रोज?"

"रोज."

ती बेसिनचा नळ नीट बंद करून आली. मग खुर्ची ओढून बसली आणि कागद पुढं घेतला.

"माझी आजी शेवटी दीड वर्ष पडून होती," लिहिता लिहिता ती म्हणाली. "आमच्या घरीसुद्धा त्या वेळी चहा फार सांडायचा, काका. मी आणि आई धुवायचो. कुणाला सांगितलं नाही कधी. आज तुम्हालाच पहिल्यांदा."

मास्तरांना त्या पोरीला कोपरापासून हात जोडावेसे वाटले. पण हात ओले होते, आणि डोळेही. त्यांनी बाहीनं डोळे पुसले. आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आले होते की बाहीला तोंड पुसू नका, शिवण खराब होते.

"तुमची कात्री संन्यासी निघाली," ती चिठ्ठी देत म्हणाली. "तिला फाशी देऊ नका. व्यायाम मात्र खरा करा. आणि काही पिळायचंच झालं तर नळाला वेढा घालून पिळा. सरळ पिळा, उलटं नाही."

जिन्यात येऊन मास्तरांनी चिठ्ठी वाचली. अक्षर डॉक्टरांचं असूनही लागत होतं. "हे दुखणं कात्रीमुळे झालेलं नाही. कटिंगचं काम करण्यास हरकत नाही. ज्या कामामुळे दुखणं झालं, ते काम आता संपलं आहे." शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं. चार महिन्यांत लोक भेटायला आले, गेले, समजूत घालून गेले; पण काम संपलं आहे, असं कुणी म्हटलं नव्हतं. ते कठडा धरून तिथंच उभे राहिले. खालून वर येणाऱ्या बाईला जायला जागा हवी होती, तेव्हा उतरले.

धाकट्या मालकांनी चिठ्ठी उभ्या उभ्या वाचली.

"म्हणजे कोपराचा आणि कात्रीचा काही संबंध नाही?"

"नाही."

"मग त्या दोन डाव्या बाह्या?"

हा प्रश्न येणार, हे मास्तरांनी जिन्यातच ओळखलं होतं. कात्री सुटली की चूक कुणाची, ते सांगावं लागणार.

"ती चूक माझी. कोपराचं नाव मी पुढं केलं, ते खोटं होतं. लक्ष नव्हतं माझं. घरात माणूस जाऊन नऊ दिवस झाले होते आणि मी कागद उलटायला विसरलो. गिऱ्हाइकालाही मी स्वतः जाऊन खरं सांगतो."

कारागिरांची मशीनं एकेक करून थांबली होती. मालक चिठ्ठीची घडी घालत राहिला. "वडील म्हणायचे, मास्तरांची चूक शोधायची तर भिंग लागेल," तो म्हणाला. "मला भिंगाशिवाय सापडली, म्हणून जास्तच बोललो. एक तारखेला लवकर या. साठ कोट आहेत." आणि मशीनांकडे वळून ओरडला, "काय तमाशा चाललाय? शिवा!"

रविवारी सकाळी मास्तरांनी हात टेबलावर ठेवला, तळवा खाली केला, बाटली धरली आणि पंधरा वेळा मनगट सोडलं. दुखलं, पण केलं. मग पलंगावरची चादर काढली. ती गेल्यापासून घातलेली, न धुतलेली. या चादरीला धुवायचं काही कारणच पडलं नव्हतं.

न्हाणीत चादर भिजवली, साबण लावला, खळबळून काढली. मग एक वेढा नळाला घातला आणि दोन्ही टोकं एकत्र हातात घेतली. नळ जुना, पितळेचा, भिंतीत पक्का बसलेला. तो टोक सोडणार नव्हता. मास्तर पाय रोवून उभे राहिले, आणि नुसतेच उभे राहिले. कशाची वाट बघतोय, ते त्यांच्या थोड्या वेळानं लक्षात आलं.

"धरलंय," ते हळूच स्वतःच म्हणाले.

हात सवयीनं उलटा वळायला लागला होता. त्यांनी तो थांबवला, टोकं पुन्हा नीट धरली, आणि छत्तीस वर्षांत पहिल्यांदा सरळ पीळ घातला. पाणी गळायला लागलं.